रजिस्टरमध्ये रोज 72



बडोद्याच्या एका ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "कर्नलसाहेब, आईला वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आली आहे. चार ठिकाणं बघितली. खोल्या बघितल्या, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का ते बघितलं, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारलं. अजून काय बघू?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात जा आणि अन्नाचं तापमान मोजायचा थर्मामीटर कुठे आहे ते विचारा. मग त्याचं रजिस्टर मागा." त्या हसल्या. त्यांना वाटलं, फौजी माणूस आहे, याला जिथेतिथे रजिस्टरच दिसणार.

त्यांचं चुकलं नाही. पण मी हे का म्हणालो ते आज सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगतो.

आधी एका शब्दाचा घोटाळा मिटवू. परदेशात नर्सिंग होम म्हणजे जिथे परावलंबी म्हातारी माणसं कायमची राहतात ती जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं वीस खाटांचं खासगी इस्पितळ. म्हणून मी वृद्धाश्रमच म्हणेन. पण माझ्या डोळ्यांसमोर असा वृद्धाश्रम आहे, जिथली निम्मी माणसं काठीवर, वॉकरवर किंवा खाटेवर आहेत, आणि आठ-दहा जणांना कोणीतरी भरवावं लागतं.

निवृत्तीनंतर मी महूला घर केलं. इंदूर जवळ, हवा बरी, आणि माळव्यात मराठी माणूस होळकरांच्या काळापासून मुरलेला, त्यामुळे परकं वाटत नाही. इकडच्याच एका वृद्धाश्रमाच्या समितीवर मला घेतलं. नाव सांगत नाही. अडतीस माणसं राहतात. फौजेतला माणूस म्हणून भांडार आणि स्वयंपाकघर माझ्याकडे दिलं. मी उत्साहाने एक डिजिटल थर्मामीटर आणला, लांब सुईचा, अन्नात खुपसायचा. रेघा मारून रजिस्टर करून दिलं : तारीख, पदार्थ, वेळ, तापमान, सही. दर शनिवारी जाऊन पानाखाली मीही सही करायचो. आकडे सुरेख असायचे. दुपारी 72, रात्री 72.

श्रावणातला रविवार होता. एका कुटुंबाने वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त सगळ्यांना जेवण दिलं होतं. अशी जेवणं वृद्धाश्रमांना नेहमी येतात, आणि ती चांगल्या मनाने येतात. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी. महाराजांनी (आमच्याकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात) मसालेभात साडेदहाला उतरवला, कारण मंडळी अकराला येणार होती. मंडळी आली दीडला. तोवर मोठ्या पातेल्यावर झाकण ठेवून भात ओट्यावर. मग फोटो झाले, दोन शब्द झाले, पानं वाढली. बराच भात उरला. टाकायचा कसा, श्राद्धाचं अन्न. रात्री आठला तोच भात "जरा गरम करून" वाढला.

अकराच्या सुमारास पहिली उलटी झाली. पहाटेपर्यंत चौदा जण आजारी होते. बाकीचे दोन-तीन दिवसांत सावरले. एक एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका होत्या, मूत्रपिंडं आधीच कमकुवत. शरीरातलं पाणी इतकं गेलं की त्यांना इस्पितळात हलवलं. नवव्या दिवशी त्या गेल्या. दाखल्यावर मूत्रपिंड निकामी झाल्याचं लिहिलं आहे, आणि ते खरंच आहे. भातामुळे गेल्या असं मी सिद्ध करू शकत नाही. भाताचा नमुनाच कोणी ठेवला नव्हता, त्यामुळे तपासायला काही उरलं नाही.

सोमवारी मी रजिस्टर मागितलं. रविवार दुपार, मसालेभात, 72. रविवार रात्र, मसालेभात, 72. पान उलटलं तर सोमवारचा रकानाही भरलेला होता, दुपारचा आणि रात्रीचा. मंगळवारचासुद्धा. अजून न शिजलेल्या आमटीचं तापमान 72. थर्मामीटर ड्रॉवरमध्ये होता, दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनात. आणि त्याआधीच्या प्रत्येक पानाखाली माझी सही.

आता हा 72 चा आकडा बाजूला ठेवू आणि भाताचं नेमकं काय झालं असावं ते समजून घेऊ. कारण बहुतेक घरांत असा समज असतो की अन्न एकदा खळखळून शिजलं की त्यातलं सगळं मेलं, आणि नंतर परत गरम केलं की प्रश्न मिटला. या दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत.

तांदळात बॅसिलस सिरीयस नावाचे जिवाणू असू शकतात. ते बीजाणूच्या रूपात, म्हणजे कवच पांघरून झोपलेले असतात. शिजवताना हे कवच फुटत नाही. उलट उष्णतेने ते जागे होतात. भात कोमट झाला की ते वाढू लागतात, आणि त्यांतले काही प्रकार भातात एक विष सोडतात. हे विष इतकं चिवट आहे की भात पुन्हा वाफाळेपर्यंत गरम केला तरी ते जात नाही. जिवाणू मरतात, विष राहतं. म्हणजे "गरम करून वाढलं होतं की!" हा बचाव तिथे चालत नाही. अशा विषाने खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

त्याचा दुसरा भाऊ क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याला मोठं पातेलं फार आवडतं : डाळ, रस्सा, मटण, दाट खिचडी. तोही कवच घेऊन उकळी सहन करतो, आणि दाट अन्नाच्या पोटात, जिथे हवा नाही, तिथे वाढतो. 43 ते 47 अंशांच्या आसपास त्याची संख्या दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. हिशेब करून बघा. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट झाले, तर एकाचे अडीच लाखांच्या वर. आपण ज्याला "अजून कोमट आहे, चांगलं आहे" म्हणतो, ती त्याची सुगीची वेळ.

म्हणून सगळं गणित एका पट्ट्याभोवती फिरतं : 5 अंश ते 60 अंश सेल्सियस. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाच्या ज्या पाच किल्ल्या सांगितल्या आहेत, त्यांतली एक हीच. शिजवलेलं अन्न एकतर 60 च्या वर ठेवा, नाहीतर 5 च्या खाली. मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त नको. आपल्या मे महिन्यात, स्वयंपाकघरातच 40 अंश असताना, मी तो एकच तास धरतो. देशोदेशी आकडा थोडा इकडेतिकडे आहे, अमेरिकेत 57, इंग्लंडात 63. आम्ही आश्रमात 65 ठरवला आहे, म्हणजे ताटापर्यंत पोचताना चार अंश गेले तरी चालतील. शिळं परत गरम करायचं असेल तर आतपर्यंत 75 अंश, आणि निदान दोन मिनिटं. शिळ्या आमटीत उकळतं पाणी ओतून "गरम झाली" म्हणायचं, ही पद्धत बाद.

इंदूरला आलात तर सकाळी पोहेवाल्याकडे जरा थांबून बघा. तो पोह्यांची परात खाली उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतो. वाफेवर पोहे सकाळभर गरम आणि मऊ. त्याने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही, पण गरम अन्न गरम ठेवायची याहून सोपी रीत मला माहीत नाही. आमच्या आश्रमाच्या ओट्यावर आता हीच व्यवस्था आहे, लोहाराकडून करून घेतलेली, पाण्याची चौकोनी पेटी आणि तिच्यात बसणारे चार डबे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. ही पेटी गरम अन्न गरम ठेवते, गार अन्न गरम करत नाही. गार भात तिच्यात ठेवला तर तो तासभर त्या 40-45 अंशांतच रेंगाळतो, म्हणजे आपणच जिवाणूंसाठी उबदार खोली केली.

गार करण्याचंही तसंच. वीस लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर त्याचा मध्य रात्रभर कोमट राहतो. तेच तसं फ्रिजमध्ये ढकललं तर फ्रिजमधलं दूध आणि दहीही तापतं. उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता : परातीत पसरा. दोन इंचांपेक्षा जाड थर नको, परात गार पाण्यात ठेवा, मधून मधून हलवा. 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत यायला हवं, आणि पुढच्या चार तासांत 5 वर. जमत नसेल तर उरवू नका. आमचा नियम आता साधा आहे : भात आणि दानाचं जेवण रात्रीसाठी ठेवायचं नाही.

हे सगळं तरुण माणसाला लागू नाही का? आहे. पण तरुण माणूस एक दिवस रजा घेतो आणि बरा होतो. म्हाताऱ्या शरीराचं वेगळं असतं. पोटातलं आम्ल कमी झालेलं, त्यातून अनेकांना आम्ल कमी करायच्या गोळ्या रोज सुरू, म्हणजे जिवाणूंना अडवणारा पहिला पहारेकरीच रजेवर. तहान लागल्याची जाणीव कमी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. अशा माणसाला दहा जुलाब झाले की रक्तदाब, मूत्रपिंडं, मेंदू सगळंच डगमगतं.

1984 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये वेकफील्ड इथल्या स्टॅन्ली रॉइड या मानसोपचार रुग्णालयात साल्मोनेलाची साथ झाली. शेकडो रुग्ण आणि कर्मचारी आजारी पडले. 19 रुग्ण दगावले, आणि त्यांत वृद्धांचाच भरणा होता. चौकशीत संशय गेला तो शिजवून फ्रिजबाहेर कित्येक तास राहिलेल्या मांसावर. तेव्हा सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांवर अन्नकायद्याखाली खटला भरता येत नसे, कारण ती राजसत्तेची मालमत्ता. या प्रकरणानंतर ते कवच काढून घेतलं गेलं. जगातल्या अशा संस्थांमध्ये आज तापमानाच्या वह्या दिसतात, त्यांच्यामागे अशी माणसं आहेत.

आपल्याकडेही कायदा आहे. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम 2006, आणि त्याखालच्या 2011 च्या परवाना नियमांचं चौथं परिशिष्ट, त्यात स्वच्छता, तापमान, नोंदी सगळं आहे. भिंतीवर 14 आकडी क्रमांकाची चौकट लावलेली असते. चौकट असणं चांगलंच. पण आमच्याकडेही ती होती.

आता माझ्याकडे येतो.

मी तरुण कॅप्टन होतो. युनिटमध्ये पाळीपाळीने एकेका अफसरावर दिवसभराची ड्यूटी असते, आणि त्यात लंगरमध्ये जाऊन जवानांचं जेवण चाखायचं आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा हेही असतं. एका आठवड्यात माझ्याकडे लागोपाठ ड्यूटी आली. थंडी कडाक्याची, लंगर लांब. मी तीन दिवसांचे शेरे एका सकाळी लिहून टाकले : डाळ ठीक, भाजी ठीक, रोटी ठीक. संध्याकाळी आमचे सुभेदारसाहेब रजिस्टर घेऊन आले. वयाने वडिलांसारखे. उभे राहून, अगदी अदबीने म्हणाले, "साहब, परसों तो लंगर में दाल बनी ही नहीं थी. गैस खत्म थी." एवढंच बोलले आणि सलाम ठोकून गेले. त्यांनी वर कळवलं नाही. कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला या सोमवारी त्या आश्रमात वाटलं.

म्हणजे खोट्या नोंदीची चव मला चांगली माहीत होती. तरीही 72, 72, 72 बघून माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. वाजायला हवी होती. खऱ्या स्वयंपाकघरात वरण 84 असतं, भात 78, कढी 69, आणि एखाद्या दिवशी गॅस मंद झाला तर भाजी 57. रोज एकच आकडा कुठेच येत नाही. ज्या वहीत कधीच काही चुकत नाही, ती वही कोणी मोजून लिहिलेली नसते.

महाराजांना मी एकट्याला बसवून विचारलं. रागावलो नाही, रागावायचा अधिकार राहिलाच नव्हता. ते म्हणाले, "साहेब, सुरुवातीला दोन दिवस लिहिलं होतं खरं. एकदा उसळ 55 भरली, तसं लिहिलं. त्या वेळच्या व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर झापलं आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला. पुढच्या दिवशी पहिलं पान फाडून नवीन केलं. मग मी मशीन पुडक्यात घालून ठेवलं. 72 चांगला आकडा आहे, कोणी काही बोलत नाही."

मंडळी, या एका उत्तरासाठी मी हा भाग केला आहे. 55 लिहिणाऱ्याला शिक्षा झाली आणि 72 लिहिणाऱ्याला शाबासकी. महाराजांनी जे केलं ते त्यांच्या जागी असलेला कोणीही करेल. रजिस्टर लपवायला शिकवलं ते आम्ही.

मग आम्ही काय बदललं?

रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, "काय केलं". तो सगळ्यांत रुंद. 65 च्या खाली आकडा आला तर लाल शाईने लिहायचा आणि पुढे लिहायचं : परत चुलीवर, दहा मिनिटं, 81. किंवा : टाकून दिलं. समितीच्या बैठकीत ठराव केला की लाल आकड्याबद्दल कोणालाही बोलायचं नाही, पगाराला हात लावायचा नाही. लाल आकडा असून "काय केलं" कोरं असेल तर मात्र विचारणार. आणि महिनाभरात एकही लाल नोंद नसेल तरीही विचारणार, आणि मीच जाऊन शेजारी उभा राहून मोजणार. पहिल्या महिन्यात सतरा लाल नोंदी झाल्या. नवीन व्यवस्थापकबाई घाबरल्या, म्हणाल्या, "काका, तपासणीला कोणी आलं तर काय म्हणेल?" मी म्हटलं, सतरा वेळा आपल्याला वेळेत कळलं, असं म्हणेल. समजा नाही म्हणाला, तर मला बोलवा.

थर्मामीटर वापरायलाही शिकावं लागतं, तो आणून दिला म्हणजे झालं नाही. मी तीच चूक केली होती. कोविडमध्ये कपाळावर रोखायच्या त्या बंदुका सगळ्यांनी घेतल्या, त्या इथे निरुपयोगी आहेत. त्या तापाच्या आकड्यांसाठी असतात, आणि वरचा पृष्ठभागच बघतात. पातेल्यात वर वाफ आणि मध्ये कोमट, असं सहज असतं. सुई अन्नाच्या मध्यभागी, सर्वांत जाड जागी, तळाला न टेकवता. आकडा स्थिर होऊ द्यायचा. एका पदार्थातून दुसऱ्यात घालण्याआधी धुवायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, नाहीतर एका पातेल्यातला रोग दुसऱ्यात नेण्याचं काम आपणच करू.

आणि सोमवारी सकाळी थर्मामीटरचीच परीक्षा. पेल्यात बर्फाचा चुरा भरून थोडं पाणी घालायचं, सुई बुडवायची, शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यातही बघता येतं, पण तिथे एक गंमत आहे. आमच्याकडे इंदूर-महूला पाणी 100 ला उकळत नाही, साधारण 98 लाच उकळतं, कारण आम्ही समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहोत. लेहला तर 88 च्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास उकळते आणि दाणा तसाच. प्रेशर कुकर नसेल तर जेवणच नाही. मुंबई, गोवा, चेन्नईवाल्यांना 100 मिळेल, बंगळुरूवाल्यांना 97 च्या जवळपास. बर्फाचं शून्य मात्र सगळीकडे शून्यच.

फ्रिजचं वेगळं पान आहे. सकाळी एकदा, रात्री एकदा. 5 च्या वर गेला तर दार कितीदा उघडलं, लाइट गेली होती का, ते लिहायचं. प्रत्येक जेवणातला एक-एक वाटी नमुना झाकण लावून, तारीख टाकून, फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवतो. देव करो आणि तो कधी तपासायला न लागो.

आता सगळ्यांत महत्त्वाची जागा, जी माझ्या पहिल्या रजिस्टरमध्ये नव्हतीच. मी तापमान मोजायचं ठरवलं होतं ओट्यावर. पण जेवण ओट्यावर कोणी खात नाही. जेवणघरात येऊ शकणाऱ्यांना आधी वाढतात. मग खोल्यांमध्ये ताटं जातात. मग दुसऱ्या मजल्यावर. शेवटी खाटेवरच्यांना, ज्यांना भरवायचं असतं, आणि भरवणारी मुलगी एकच. त्यातून काहींना गिळायला त्रास, त्यांचं जेवण मिक्सरमधून बारीक केलेलं. मिक्सरमध्ये फिरवताना अन्न आणखी गार होतं, भांड्याच्या पात्याखाली सकाळचं काही अडकलं असेल तर तेही मिसळतं. हिशेब लावा : सगळ्यांत अशक्त माणसाला सगळ्यांत गार, सगळ्यांत जास्त हाताळलेलं, सगळ्यांत उशिराचं अन्न. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा ओट्यावर 79 असलेली खिचडी शेवटच्या खाटेपाशी 41 होती.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये सरकारी निरीक्षक तपासणीला आले की एक युक्ती करतात. शेवटच्या गाडीबरोबर एक जादा ताट पाठवायला सांगतात, आणि शेवटच्या माणसाला वाढून झालं की ते ताट मोजतात, चाखतात. आम्ही ती उचलली. आठवड्यातून दोनदा, कधी ते न सांगता, एक ताट जादा जातं. त्या एका ताटामुळे आमची वाढायची रीतच उलटी झाली. आता आधी खाटेवरच्यांचं. बारीक केलेलं अन्न परत 75 पर्यंत गरम करून, झाकणाच्या डब्यात. भरवायला दोन मुली, आणि एकेकीकडे दोन-दोन डबे, सहा एकदम नाही. जेवणघरातल्या आजोबांनी सुरुवातीला कुरकुर केली, "आम्ही आधी बसतो आणि आम्हालाच शेवटी?" एका निवृत्त हेडमास्तरांनी त्यांना समजावलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण कुरकुर थांबली.

इथे एक सावधगिरी. 65 हा ठेवायचा आकडा आहे, तोंडात घालायचा नाही. हात थरथरणाऱ्या माणसाच्या मांडीवर 65 अंशांचं सूप सांडलं तर भाजतं, आणि मधुमेहाने पायांची जाणीव गेलेल्याला भाजलेलं कळतही नाही. म्हणून ताटात वाढल्यावर पाच-सात मिनिटं जाऊ द्यायची, भरवणारीने मनगटावर थेंब टाकून बघायचा, लहान मुलाच्या दुधाचा बघतो तसा.

आणि उशीखालचं भांडार! दर आठवड्याला आमच्याकडे उशीखालून पेढे, अर्धी पुरी, केळं, प्रसादाचा शिरा निघतो. टंचाईच्या काळात वाढलेली माणसं ही, अन्न टाकवत नाही. हिसकावून घेतलं तर अपमान होतो. आम्ही प्रत्येकाला एक घट्ट झाकणाचा डबा दिला आहे, त्यात चिवडा, खाकरा, बिस्किटं. ओलं आणि दुधाचं काही दिसलं तर ताजं देऊन बदलून घ्यायचं. नातेवाईक श्रीखंड, बासुंदी आणतात, ती समोर खाऊ घाला, मागे ठेवून जाऊ नका.

दानाच्या जेवणाचं सांगायचं राहिलं. आता आम्ही देणाऱ्यांना आधीच सांगतो : भात साडेबाराला उतरेल आणि पाऊण वाजता वाढला जाईल, तुम्ही आलात तर आनंद, नाही आलात तरी पंगत बसेल. फोटो जेवणानंतर. दोन-तीन जण नाराज झाले, एकांनी देणगी दुसरीकडे वळवली. चालायचंच.

तर बडोद्याच्या ताई, तुम्ही ऐकत असाल तर असं करा. जेवणाच्या वेळेला जा, न कळवता. थर्मामीटर मागा आणि बॅटरी चालू आहे का बघा. रजिस्टरची पानं चाळा. सगळे आकडे सारखे असतील, एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिल्यासारखे असतील, किंवा उद्याचा रकाना भरलेला असेल, तर निरोप घ्या. मधून मधून लाल शाई आणि तिच्यापुढे "परत गरम केलं", "टाकलं" असं असेल, तर तिथल्या आचाऱ्याशी दोन मिनिटं बोला. रात्री उरलेल्या भाताचं काय करता, विचारा. आणि खाटेवरच्या माणसाचं जेवण कधी येतं, ते तिथे उभं राहून बघा. तुमच्या आई आज चालत्या-फिरत्या असतील, पण दोन वर्षांनी त्या खाटेवर असू शकतात.

गेल्या गुरुवारची आमची नोंद वाचून दाखवतो. महाराजांचं अक्षर आहे, शाई लाल. "रात्र. मुगाची खिचडी. 7.10. दुसरा मजला. 54. परत आणली. 7.25 ला 83. वाढायला 20 मिनिटं उशीर. 6 नंबरचे आजोबा रागावले." खाली सही महाराजांची, आणि त्याखाली माझी. शनिवारी केलेली, पण या वेळी आजोबांना जाऊन विचारून. ते अजून रागावलेलेच होते.

पुढच्या भागात पिण्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलू. नमस्कार.